जुना डेस्कटॉप घेताय? आय५ का आय७ ते नंतर, आधी जनरेशन विचारा

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. निकाल लागले, ॲडमिशनचे दिवस आले की सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेडची माणसं येतात आणि एकच विचारतात, "सर, सेकंडहँड घ्यायलोत, आय५ घ्यावं का आय७?" नवीन मशीन परवडत नाही, मोबाइलवर अभ्यास नीट होत नाही आणि हातात दहा-पंधरा हजार असतात. हे पैसे कुणाच्या कापसाच्या पट्टीतले असतात, कुणाच्या भिशीतले. ते भलत्याच डब्यात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची, नावं. ती २००८ ते २०१० या काळात बाजारात आली आणि पुढे कितीतरी वर्षं तीच चालू राहिली. म्हणजे २०११ चा पण आय७ असतो आणि २०२० चा पण आय७ असतो. ट्रॅक्टर घेताना आपण कंपनी कळल्यावर लगेच विचारतो, "कितीचं मॉडेल आहे?" कॉम्प्युटरलाही तेच विचारायचं, त्यालाच जनरेशन, म्हणजे पिढी, म्हणतात. उत्तर प्रोसेसरच्या नंबरात असतं. आय५-२४०० म्हणजे दुसरी जनरेशन, २०११. आय५-४५९० म्हणजे चौथी, २०१३-१४. आय५-६५०० सहावी, २०१५. आय५-८५०० आठवी, डेस्कटॉपमध्ये ही जनरेशन २०१७ च्या शेवटी आली. पाच आकडी नंबर असेल, म्हणजे १०४०० किंवा १२१००, तर पहिले दोन आकडे बघायचे: दहावी, बारावी. नंबर तीनच आकडी असेल, आय५-६५० सारखा, तर ती पहिली जनरेशन. ती आणि त्याच्या मागचा कोअर टू ड्युओ कुणी पैसे घेऊन देत असेल तर घेऊच नका.

आता खरा हिशोब. दुसऱ्या जनरेशनचा आय७-२६०० आणि आठव्या जनरेशनचा आय३-८१००, दोघांनाही चार कोअर, म्हणजे आत काम करणारे चार भाग. नावाने आय७ मोठा, पण रोजच्या कामात आय३ पुढे जातो, वीज कमी खातो आणि व्हिडिओ चालवायचं काम प्रोसेसरच्या डोक्यावर न टाकता आतल्या ग्राफिक्सवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागावर, टाकतो. यूट्यूबचे व्हिडिओ बहुतेक व्हीपी९ नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात. तो फॉरमॅट ग्राफिक्समध्येच पूर्ण उलगडायची सोय इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये सातव्या जनरेशनपासून आहे. लेक्चर बघत बघत दुसऱ्या खिडकीत पीडीएफ उघडणाऱ्या पोराला हा फरक रोज जाणवतो.

एक मशीन जवळून दाखवतो, कारण अशी मशीनं आमच्या भागात खूप फिरायलीत. एक काका मुलीच्या सीईटीसाठी घेतलेला कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आले. काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिव्यांचे पंखे, पुढे आय७ चं स्टीकर, बिलावर "नवीन असेम्बल, एक वर्ष वॉरंटी". काका म्हणाले, "लई स्लो चालायलंय सर, लेक्चर मधीच अडकायलंय." बाजूची काच काढली. मदरबोर्ड खरंच नवा कोरा होता, एकही डाग नाही. पण त्यावर छापलेलं होतं एच६१. हा चिपसेट, म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप, २०११ चा. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचेच प्रोसेसर बसतात, आणि ते आता नवे मिळत नाहीत, जुन्या मशीनमधून काढलेलेच असतात. इथे आय७-२६०० होता. रॅम ४ जीबी. खाली कोपऱ्यात जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क, खरखर आवाज करणारी. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं तर पिवळी पट्टी, सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे कप्पे, खराब व्हायला लागलेले.

अडकत होतं ते डिस्कमुळे आणि चार जीबी रॅममुळे. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली, रॅम वाढवली, मशीन पळायला लागलं. पण जनरेशन काही बदलता येत नाही. नवीन बोर्ड, नवीन कॅबिनेट, वॉरंटीचं बिल, यातली एकही गोष्ट त्या प्रोसेसरचं वय कमी करत नाही. जेवढे पैसे दिव्यांच्या पंख्यांना आणि काचेला गेले तेवढ्यात काकांना कंपनीचं साधं काळं मशीन आणखी दोन-तीन जनरेशन पुढचं मिळालं असतं. म्हणून "असेम्बल आय७" असं ऐकलं की बोर्डाचं नाव विचारा. एच६१, बी७५, एच८१ असं उत्तर आलं तर ते जुनंच मशीन आहे, आणि भावही जुन्याचाच द्यायचा.

विंडोजची रेघ

जुनं आणि नवं यांच्यात आज जी रेघ पडली आहे ती मुख्यतः विंडोजमुळे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी करून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण ती फक्त मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग, लागतो, सिक्युअर बूट, म्हणजे मशीन चालू होतानाची सुरक्षा तपासणी, लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या जनरेशनपासून सुरू होते. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीत रायझन २००० मालिकेपासून. पण जपून, रायझन ५ २४००जी आणि रायझन ३ २२००जी यांचा नंबर २००० चा असला तरी ते यादीत नाहीत.

"आम्ही चौथ्या जनरेशनवरसुद्धा विंडोज ११ टाकून देतो" असं सांगणारे भेटतील. टाकता येतं, ते खोटं नाही. तपासणी चुकवून इन्स्टॉल होतं आणि चालतंही. पण पुढचा अपडेट मिळेलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाही.

सपोर्ट संपल्यानं काय होतं, मशीन तर चालूच राहतं ना, असं पुष्कळ जण म्हणतात. विंडोज ७ चं आठवा. मशीनं चालत राहिली, मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनं विंडोज ७ ला नवी आवृत्ती द्यायचं बंद केलं. १०९ नंबरवर ती गाडी थांबली, आणि हळूहळू एकेक साइट जुन्या ब्राउझरमध्ये नीट उघडेना गेली. फॉर्मची शेवटची तारीख आणि पान पांढरंच, हे फार वाईट असतं. आणि ज्यांचं सेवा केंद्र आहे, जे दिवसभर लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारा हाताळतात, त्यांनी अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर काम करू नये हे मी ठामपणे सांगतो. ते कागद आपले नसतात, लोकांनी विश्वासानं दिलेले असतात.

मग कुणी काय घ्यावं

ज्याला इंटरनेटवर काम आहे आणि मशीन पुढची चार-पाच वर्षं वापरायचं आहे, त्यानं आठवी जनरेशन किंवा पुढची घ्यावी. आय३ असला तरी चालेल. चौथ्या आणि आठव्या जनरेशनच्या मशीनमध्ये फरक बहुतेक वेळा पाच-सात हजारांच्या आसपास निघतो. तेवढे कमी पडत असतील तर मॉनिटर जुना घ्या, स्पीकर घेऊ नका, कीबोर्ड साधा घ्या, महिनाभर थांबा, पण जनरेशनवर तडजोड करू नका. आठव्या जनरेशनचा आय५ सहा कोअरचा असतो. त्याआधी आय५ म्हणजे जास्तीत जास्त चारच कोअर होते. त्यामुळे इथे एकाच पायरीत बरंच काही हाती लागतं.

सहावी-सातवी जनरेशन माझ्या मते सगळ्यात अडचणीची. दिसायला नवी, डीडीआर४ रॅम, भाव चौथ्यापेक्षा चांगलाच चढा, पण विंडोज ११ च्या यादीत नाही. दुकानदार ही जोरात खपवतात, कारण मोठ्या कंपन्यांतून असा माल भरपूर निघालाय. चौथ्या जनरेशनच्या जवळपासच्या भावात मिळत असेल तरच घ्या, आणि त्यातही सातवी बघा.

चौथी जनरेशन टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एमएस-सीआयटीचा सराव, शासनाच्या कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेसाठी मराठी-इंग्रजी टायपिंग, दुकानाचं बिलिंग, टॅली, लग्नपत्रिकेचं डीटीपी, ही कामं एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकलेला आय५-४५७० आरामात करतो. इंटरनेटही हवं असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, अपडेट मिळतात आणि मराठी टायपिंग होतं. टॅली आणि काही बायोमेट्रिक मशीनं त्यावर चालत नाहीत, ते आधी तपासा.

एका ठिकाणी तर जुनंच मशीन बरं. मानवतच्या मोंढ्यात, जिनिंगवर, जिथे जिथे वजनकाटा आहे तिथे काट्याचं वजन कॉम्प्युटरला नऊ पिनच्या सिरीयल पोर्टमधून जातं. जुन्या टॉवर मशीनला हा पोर्ट बहुतेकदा मागे तयार असतो. नव्या छोट्या मशीनला बहुतेकदा नसतो, मग यूएसबीचं कन्व्हर्टर लावावं लागतं, आणि धुळीत, व्होल्टेजच्या झटक्यांत ते कन्व्हर्टर मध्येच गायब होतं. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना वजन येईना गेलं तर काय गोंधळ होतो ते तिथल्या मुनीमजींना विचारा. पावती छापायला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर पॅरलल पोर्टचाही तोच विचार. अशा जागी चौथ्या जनरेशनचा टॉवर घ्या, इंटरनेट जोडू नका, आणि त्यातलं सॉफ्टवेअर व डेटा पेनड्राइव्हवर रोज उतरवून ठेवा.

लाइट आणि ऊन

आपल्याकडे ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाची. घरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. जुना टॉवर साध्या कामात ५० वॉट आणि मॉनिटर २० वॉट धरला तर ७० वॉट झाले. आठव्या जनरेशनचं छोटं मायक्रो मशीन साध्या कामात १५ वॉटच्या आसपास राहतं. मॉनिटर धरून ३५. म्हणजे त्याच बॅटरीवर दुप्पट वेळ. ऑनलाइन फॉर्मचं पेमेंट अर्ध्यात असताना लाइट गेली तर तो जास्तीचा वेळ सोन्यासारखा असतो. इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांनाही हाच हिशोब.

मायक्रो मशीन पुस्तकाएवढं असतं, लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर चालतं आणि त्याच्या प्रोसेसरच्या नंबरापुढे टी असतो, उदाहरणार्थ ८५००टी, म्हणजे ३५ वॉटचा. रॅम लॅपटॉपची लागते. धूळ जास्त असेल, मशीन दिवसभर चालू राहणार असेल तर मी टॉवरच सुचवतो, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो आणि छोट्या डब्यात हवा खेळायला जागा कमी. घरात, पंख्याखाली, अभ्यासाला मायक्रो उत्तम.

अजून एक. डेल, एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये पॉवर सप्लायचा जोड बाजारातल्या साध्या चोवीस पिनचा नसतो, कंपनीचा वेगळा असतो. व्होल्टेज वाढून एसएमपीएस, म्हणजे हाच पॉवर सप्लाय, गेला तर परभणीत तो लगेच मिळत नाही, मागवावा लागतो. म्हणून मशीन घरी आलं की थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नका, यूपीएस घेऊनच लावा.

घेताना हात घालून बघा

माल बघायला कुणी संभाजीनगरला जातं, कुणी पुण्याला. आपल्याकडून देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादलाही सोपं पडतं. पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुन्या मशीनचा मोठा बाजार आहे. कुठेही जा, स्टीकरवर विश्वास ठेवू नका, मशीन चालू करून बघा. सोबत पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो न्या. पहिलं प्रोसेसर आणि बोर्डाचं खरं नाव दाखवतं, दुसरं डिस्कची तब्येत. डिस्क किती तास चालली तेही दिसतं. ऑफिसात रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर पाच वर्षांत १२,००० तास होतात. आकडा ४०,००० च्या पुढे असेल तर ते मशीन रात्रंदिवस चालू असलेलं होतं. रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेले कप्पे, यापुढे शून्य हवं. नसेल तर मशीन घ्या, पण डिस्कचे पैसे कापून घ्या.

मॉडेलच्या नावावरूनही बरंच कळतं. डेल ऑप्टिप्लेक्समध्ये ३०२० आणि ९०२० चौथी जनरेशन, ३०५० आणि ७०५० सहावी-सातवी, ३०६० आणि ७०६० आठवी. एचपी एलिटडेस्क ८०० मध्ये जी१ चौथी, जी४ आठवी. लेनोवो थिंकसेंटरचं एम९२० आठव्याचं. फक्त ऑप्टिप्लेक्स ७०१० ला फसू नका. या नावाचं मशीन तिसऱ्या जनरेशनमध्ये होतं आणि २०२३ मध्ये डेलनं तेच नाव तेराव्या जनरेशनच्या मशीनला दिलं. डेलच्या मागे सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कधी आणि काय घेऊन निघालं ते दिसतं. विक्रेत्यासमोरच मोबाइलवर टाकून बघा.

मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची सेटिंग, उघडा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१. पासवर्ड मागितला तर तिथेच सोडून द्या. तो काढून देण्याचं आश्वासन ऐकू नका. तारीख २०१५-१६ अशी काहीतरी दाखवत असेल तर बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलीय. ही स्वस्तातली गोष्ट आहे, पण ती बदलेपर्यंत तारीख चुकते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षेचं कारण देऊन साइट उघडत नाही. लोक त्याला नेटचा दोष समजतात. विंडोजमध्ये रन उघडून टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाइप केलं की टीपीएमची आवृत्ती दिसते, २.० हवी.

शेवटी झाकण उघडायला लावा. जो उघडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. बोर्डवरचे छोटे गोल डबे, कपॅसिटर, डोक्यावर सपाट हवेत. फुगलेले किंवा तांबूस चिकट दिसले तर नको. रॅमच्या किती पट्ट्या आहेत, एक खाच रिकामी आहे का ते बघा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत, त्यामुळे "आता चार घ्या, पुढं वाढवू" हा जुना सल्ला मी द्यायचं बंद केलंय. आठ जीबी लागलेलीच असेल तर बरं, सोळा मिळाली तर भावात थोडं जास्त द्या.

विंडोजचं लायसन्सही विचारा. कंपनीच्या आठव्या जनरेशनच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा विंडोज १० प्रोची चावी बायोसमध्येच असते, आणि तीवर विंडोज ११ प्रो कायदेशीर चालू होतं. असेम्बल मशीनमध्ये ही सोय नसते, तिथे क्रॅक टाकून देतात. ज्या मशीनवरून बँकेचं काम करणार त्यावर क्रॅक नको.

मॉनिटर तुमच्याकडे जुना व्हीजीएवाला असेल तर मशीनच्या मागे कुठला पोर्ट आहे ते बघून ठेवा. आठव्या जनरेशनच्या पुष्कळ मशीनला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच असतो, मग कन्व्हर्टर लागेल.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी विंडोज नव्यानं टाकून घ्या. आधीच्या ऑफिसचं काय काय त्यात राहिलंय ते तुम्हाला माहीत नसतं. एसएसडी नसेल तर त्याच वेळी बसवा आणि जुनी हार्ड डिस्क फक्त फोटो-व्हिडिओ साठवायला ठेवा. प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, ती खरवडून नवी लावायला सांगा, सोबत सीआर२०३२ बॅटरीही बदलून घ्या. मशीन जमिनीवर ठेवू नका, टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दिवाळीत आणि एप्रिलच्या सुरुवातीला ब्लोअर मारून धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, तो हवेनं भरभर फिरला की त्याची बेअरिंग जाते.